एकोणीस शेतं आणि एक खड्डा

बेबीनंदा खरात नव्या वर्गासमोर उभ्या राहिल्या की पहिल्याच दिवशी कुणी ना कुणी त्यांना एक प्रश्न विचारतंच. ह्या खेपेला तो नववीतल्या अंगदने विचारला. अंगद हा तातेरावांचा धाकटा. आणि तातेराव म्हणजे गावातली अठरा एकर काळी जमीन, दोन विहिरी आणि शाळेच्या समितीवरची पंख्याखालची खुर्ची.

"मॅडम, तुमची शेती किती?"

"एक कुंडी," मॅडम म्हणाल्या.

वर्ग हसला. अंगदला जोर चढला.

"काय लावलंय मॅडम कुंडीत?"

"मिरची. तोडा चालू हाय. मजूर मिळून न्हाई राह्यले. येतो का तू रविवारी?"

आता वर्ग अंगदवर हसला. मॅडमनी फळ्यावर तारीख घातली आणि शिकवायला सुरुवात केली.

अंबड रोड सोडून सात किलोमीटर आत गेलं की हे गाव लागतं. शाळा पाचवी ते दहावी. नववीच्या पोरांना कृषी हा विषय घेता येतो, आणि तो सगळे घेतात, कारण त्यांना वाटतं की ह्यात अभ्यास करावा लागत नाही. बाप शेतकरी, आजा शेतकरी, आता पुस्तकात पाहून काय शिकायचं. बेबीनंदा मॅडम जालन्यातल्या मस्तगडहून रोज सकाळी स्कूटीवर येत. नवरा जुन्या जालन्यात कापडाच्या होलसेल दुकानात कामाला, एक मुलगी नर्सिंगला. मॅडमचं वय सेहेचाळीस, अंग किरकोळ, आवाज खणखणीत आणि चेहरा असा की त्या चेष्टा करतात की खरं बोलतात हे त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही ओळखता येत नसे.

त्यांचं नावसुद्धा कुणी चेष्टेत ठेवल्यासारखं होतं. बदनापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी दवाखान्यातल्या बाईंनी जन्माच्या वहीत 'बेबी' लिहून ठेवलं. वडलांनी घरी 'नंदा' ठेवलं. ग्रामसेवकाला एक खोडायचा कंटाळा आला, म्हणून त्याने दोन्ही जोडून टाकली. आई दुसऱ्यांच्या कापसात खुरपायला जायची. सुट्टी असली की बेबीनंदाही पाठीमागे. केना कसा ओळखायचा, हरळी कुठून उपटायची, लव्हाळ्याची गाठ मातीत राहिली तर आठवड्यात पुन्हा कसा वर येतो, हे ती अक्षरं गिरवायच्या आधी शिकली. पुढे कृषी पदविकेला गेली तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी होती, आणि तणांच्या तोंडी परीक्षेत मास्तरांनाच दोन नावं नव्याने कळली. त्यानंतर अकरा वर्षं जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत ओल्या कागदावर बी मांडायचं काम. शंभर दाणे मांडायचे, आठ दिवसांनी कागद उलगडायचा, किती उगवले ते लिहायचं. त्या कामाने त्यांना एक खोड लागली. कुणी छातीठोकपणे काही सांगितलं की त्या मान डोलावत आणि मनातल्या मनात शंभर दाणे मांडत. नोकरी करता करताच मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली आणि शाळेत आल्या.

पोरांनी दुसऱ्याच महिन्यात खरात मॅडमचं 'खतात मॅडम' केलं. एकदा ते फळ्यावरही लिहिलेलं सापडलं. मॅडमनी लांबून पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं, मग खडू उचलून 'त'ची दांडी सरळ केली आणि म्हणाल्या, "ज्यानं लिहिलं त्याचं अक्षर बिघडून राह्यलं. रोज एक पान शुद्धलेखन." कुणी लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही. अंगद मात्र आठवडाभर आपलं अक्षर बदलून लिहीत होता.

तर मार्च महिना. हरभरा निघालेला, गहू काढणीला आलेला, बरीच रानं मोकळी. माती तपासायला नमुना घ्यायची हीच वेळ. मॅडमनी फळ्यावर शेताचा आराखडा काढला. नागमोडी चालत जायचं, आठ-दहा जागा धरायच्या. प्रत्येक जागी वरचा काडीकचरा सारायचा, वीतभर खोल, इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची. सगळी माती फडक्यावर कालवायची, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. झाडाखालची नाही, बांधावरची नाही, उकिरड्याजवळची तर मुळीच नाही.

"ज्याच्या त्याच्या शेतातली, सोमवारी. पिशवीवर नाव," मॅडम म्हणाल्या.

सोमवारी एकोणीस पोरांनी एकोणीस पिशव्या टेबलावर ठेवल्या. एकही कमी नाही. मॅडमना पहिला संशय तिथेच आला, कारण ह्या वर्गाने आजवर एकोणीस वह्यासुद्धा एका दिवशी दिल्या नव्हत्या.

त्यांनी काचेच्या बाटल्या मागवल्या. प्रत्येक बाटलीत मूठभर माती, वरून पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि खिडकीत ठेवायची. जाड रेती खाली बसते, तिच्यावर गाळासारखा पोयटा, त्याच्यावर चिकणमाती. काळ्या जमिनीचे थर वेगळे, मुरमाड जमिनीचे वेगळे. दुसऱ्या दिवशी खिडकीत एकोणीस बाटल्या उभ्या होत्या, आणि एकोणीस बाटल्यांमधले थर एका रेषेत होते, जणू कुणी पट्टी लावून आखले होते. आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक बाटलीत पाण्यावर तेलाचा पिवळसर तवंग होता.

मॅडमनी एक बाटली उजेडात धरली. तवंगाखाली काहीतरी गोल तरंगत होतं. मटकीचा दाणा. बाजूच्या बाटलीत दोन होते, आणि त्यातल्या एकाला मोड आला होता.

मधल्या सुट्टीत त्या खिचडीच्या खोलीकडे गेल्या. लहान वर्गांचं मधल्या सुट्टीतलं जेवण कौसल्याबाई शिजवतात. मॅडमनी काही विचारायच्या आत कौसल्याबाई सुरू झाल्या.

"मॅडम, माझ्या भांडी घासायच्या जागेमागं कुणी हा येवढा खड्डा करून ठेवला. सकाळी पातेलं घेऊन निघाले अन् पाय गेला की आत. कुत्र्यानं उकरला म्हणावं तर बाजूला फावड्याची खूण."

"कुत्रे एकोणीस असतील," मॅडम म्हणाल्या.

कौसल्याबाईंना ते काही कळलं नाही. मॅडम परत वर्गात आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर सुतक असावं तसा गंभीरपणा होता. आत मात्र गुदगुल्या होत होत्या.

"पोरंहो, आपल्या गावात एक विशेष गोष्ट सापडली," त्या म्हणाल्या. "नदीकाठचं शेत घ्या न्हाईतर टेकडीवरचं घ्या, माती एकच. तातेरावांची काळी अन् बदरोद्दीनभाईंची मुरमाड आपण उगीच म्हणत व्हतो. अंगद, तू माती कुठून घेतली?"

"विहिरीच्या वरल्या तुकड्यातून, मॅडम. धा खड्डे केले."

"साजिया, तू?"

साजिया ही बदरोद्दीनची मुलगी. तिने एकदा अंगदकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं. "शेतातूनच, मॅडम."

"छान. मंग तुमच्या समद्यांच्या शेतात तर्री निघाली. अशी माती साऱ्या मराठवाड्यात सापडणार न्हाई. मी घरोघर कळवते."

मॅडमचा हिशेब साधा होता. संध्याकाळपर्यंत पोरं आपण होऊन येतील, कान धरतील, आणि मग खऱ्या मातीसाठी पाठवता येईल. पण कुणी आलं नाही. घंटा झाली आणि एकोणीस जण वारं प्याल्यासारखे फाटकाबाहेर पळाले. तेव्हा मॅडमनाही हट्ट चढला. घरी जाऊन त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी एकोणीस झेरॉक्स वाटल्या.

'प्रिय पालक, आपल्या पाल्याने आपल्या शेतातून आणलेल्या मातीची पाहणी केली असता सदर जमीन केवळ मटकी या पिकास योग्य असल्याचे दिसून येते. तरी येत्या खरिपात कापूस, सोयाबीन, तूर न घेता संपूर्ण क्षेत्रावर मटकीच घ्यावी. वाचून सही करून परत पाठवावे.'

"उद्या सही पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "बापाची. मायची चालणार न्हाई."

अंगदचा चेहरा त्यांनी मनात जपून ठेवला. अठरा एकरांवर मटकी घ्या असं सांगणारी चिठ्ठी तातेरावांपुढे धरायची म्हणजे तापल्या तव्यावर उभं राहायचं. आता तरी कबूल होतील असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी एकोणीस चिठ्ठ्या सह्यांसकट परत आल्या.

मॅडम त्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडून बसल्या. सात बापांनी एकाच जांभळ्या पेनाने सही केली होती. एका बापाने सहीखाली रेघ ओढून 'इयत्ता नववी' लिहिलं होतं आणि मग ते खोडलं होतं. तातेरावांची सही तर इतकी सुबक होती की समितीच्या वहीतली त्यांची खरी सही तिच्यापुढे गवताची पेंढी वाटली असती. एकच सही उर्दूत होती, झोकदार, शेवटी लांब फाटा मारलेली. मॅडमनी ती दोनदा पाहिली. पोरीनं मेहनत घेतली, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना साजियाचं थोडं कौतुकही वाटलं.

ती सही खरी होती. साजियाने आदल्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर अब्बांची सही अकरा वेळा काढून पाहिली होती. शेवटचा फाटा काही केल्या जमला नाही. म्हणून तिने घाबरत घाबरत चिठ्ठीच त्यांच्या हातात दिली होती.

शुक्रवारी दुसरा तास चालू असताना वर्गाच्या दाराशी बदरोद्दीन येऊन उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी, चपला बाहेर काढलेल्या. गावाच्या वरच्या अंगाला त्यांची अडीच एकर जमीन, आणि ती सुद्धा अशी की नांगर कमी आणि पहार जास्त चालते.

"सलाम, मॅडम. दोन मिनिटं."

"या ना, बदरोद्दीनभाई."

"मॅडम, तुमची चिठ्ठी भेटली. बिलकुल बराबर हाय." ते आत आले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलू लागले, कारण त्यांना ती गोष्ट सगळ्यांनी ऐकावी असंच वाटत होतं. "माझे वालिद मटकीच करत व्हते त्या रानात. मी सोयाबीनच्या नादी लागलो. तीन साल झाले, गुडघ्याला लागत न्हाई. घरात जुबेदा रोज म्हणती, सोडा ते सोयाबीन. तिचं ऐकलं न्हाई, आता शाळेनं सांगितलं म्हणल्यावर ऐकलं. चुलत्याकडं बारा किलो बी बोलून आलो. फक्त येवढं सांगा, पेरा कधी धरू?"

साजिया बाकावर पुरती वाकली होती. अंगद खिडकीतल्या बाटल्यांकडे असा पाहत होता की जणू त्या आता बोलतील.

बेबीनंदा मॅडमचे कान गरम झाले. असं त्यांना फार वर्षांत झालं नव्हतं. वर्गातल्या पोरांना चिमटा काढायला म्हणून लिहिलेली चिठ्ठी वर्गाच्या दारातून निघून एका माणसाच्या खरिपात जाऊन बसली होती. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी साजिया उभी राहिली.

"अब्बा, माती आपली नव्हती."

"म्हंजे?"

"खिचडीच्या खोलीमागची व्हती. समद्यांची तिथलीच."

मग एकेक करून सगळे उभे राहिले. अंगद सगळ्यांत शेवटी, आणि अर्धवटच. मॅडमही उभ्याच होत्या. "अन् चिठ्ठी माझी, भाई," त्या म्हणाल्या. "मला कळलं व्हतं माती कुठली ते. ह्यांची जिरवायची म्हणून लिहिली. तुमच्यापर्यंत खरंच जाईल असं वाटलं न्हाई. चूक माझी."

टोपी काढून बदरोद्दीननी डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

"म्हंजे माझ्या जमिनीची तपासणीच झाली न्हाई."

"न्हाई."

"मंग मटकी येईल का न्हाई?"

"मला माहीत न्हाई," मॅडम म्हणाल्या.

बदरोद्दीन त्यांच्याकडे पाहतच राहिले. खताचं दुकान असो, औषधाची मिटिंग असो नाहीतर पारावरची बैठक असो, शेतीच्या बाबतीत 'माहीत न्हाई' म्हणणारा माणूस त्यांना ह्या जन्मात पहिल्यांदा भेटत होता.

"शनिवारी शाळा किती वाजता सुटती?" त्यांनी विचारलं.

"साडेअकराला."

"मंग या समदे. कुदळ-फावडे मी देतो."

शनिवारी ऊन चांगलंच तापलं होतं. एकोणीस पोरं आणि मॅडम गावाच्या वरच्या अंगाला निघाले तेव्हा अंगद म्हणाला की त्याला जरा कणकण वाटते. मॅडमनी त्याच्या कपाळाला हात लावला, म्हणाल्या, "खड्डा केला की घाम येतो, घाम आला की ताप उतरतो," आणि कुदळ त्याच्याच हातात दिली.

मुरमाड रानात वीतभर खड्डा करणं काय असतं ते त्या दिवशी पोरांना कळलं. कुदळ मारली की ठण्ण आवाज यायचा आणि हातापासून खांद्यापर्यंत मुंग्या यायच्या. एकेका खड्ड्यातून टोपलीभर दगड निघत होते. बदरोद्दीन बांधावर बसून हे सगळं मन लावून पाहत होते. पाचव्या खड्ड्याला ते उठून मॅडमजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, खड्ड्यातले दगड नेऊन बांधावर रचायचे असतात ना? पुस्तकात असंल तसं?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माणसाच्या तोंडावरची एक रेघ हलत नव्हती. ह्या बाबतीत आपल्या तोडीचा कुणी गावात असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"हो, हाय की पुस्तकात," त्या म्हणाल्या. "पोरंहो, दगड बांधावर. नीट रचून."

"अन् खड्ड्याच्या भोवतालचे?" बदरोद्दीननी विचारलं.

"ते पण. न्हाईतर नमुना बिघडतो."

दीड वाजेपर्यंत बदरोद्दीनच्या उत्तरेच्या बांधाला कमरेएवढी दगडांची रांग उभी राहिली. ते दगड उचलायचं बदरोद्दीन चार उन्हाळ्यांपासून ठरवत होते. जुबेदा घरून ताकाची घागर घेऊन आली, तिने बांध पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

शेजारचं, उताराखालचं रान तातेरावांचं. ते विहिरीवर आले होते. पलीकडच्या शेतात आपला धाकटा डोक्यावर दगडांची टोपली घेऊन चाललेला त्यांना दिसला, आणि आधी त्यांना ते खरंच वाटलं नाही. बांध ओलांडून ते जवळ आले.

"अंगद, घरी पाण्याचा तांब्या उचलून ठेवत न्हाईस तू. इथं काय करून राह्यला?"

"मातीचा नमुना, आप्पा," अंगद टोपलीखालून म्हणाला.

"आपल्या मातीचं काय झालं मंग? ती दिली व्हती ना शाळेत?"

अंगदने टोपली खाली ठेवली आणि मॅडमकडे पाहिलं. एरवी मॅडमना दया आली असती. पण ऊन होतं, आणि तातेरावांनी समितीच्या मागच्याच सभेत सगळ्यांसमोर म्हटलं होतं की खुरपं धरायला पगारी बाई कशाला पाहिजे. मॅडमनी पर्स उघडली, चिठ्ठी काढली आणि अदबीने त्यांच्या हातात दिली.

"तुम्ही वाचली की, आप्पा. सही हाय तुमची."

तातेरावांनी चष्मा लावला. आधी सही पाहिली. बराच वेळ पाहिली. "माझी सही इतकी चांगली कधी आली?" ते पुटपुटले. मग वरचा मजकूर वाचला. "संपूर्ण क्षेत्रावर मटकी," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे तुम्ही लिहिलं, मॅडम?"

"मी लिहिलं. माती पोरानं आणली. कुठून आणली ते त्याला विचारा."

अंगदने सांगितलं. सगळं सांगितलं, खड्डा कुणी काढला, फावडं कुणाचं होतं, जांभळं पेन कुणाचं होतं. तातेराव ऐकत गेले तसतसा त्यांचा पारा चढत गेला, आणि तो चढून फुटणार तेवढ्यात बदरोद्दीन म्हणाले, "तातेराव, तुमच्याकडं बी खड्डे करायचेच हायेत आता. पण तुमच्या रानात दगड न्हाईत, पोरांना करमणार न्हाई. लागतील तेवढे इथून घेऊन जा."

जुबेदाच्या पदराआडून एक आवाज निघाला. पोरांना राहवलं नाही. तातेरावांनी एकदा त्या दगडांच्या रांगेकडे पाहिलं, एकदा आपल्या पोराच्या फोड आलेल्या हातांकडे, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "ताक हाय का शिल्लक?" एवढंच ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी तातेरावांच्या रानात दहा खड्डे झाले, ह्या वेळी खरे. मग बाकीच्यांच्या रानांतही झाले, आणि एकोणीस घरांची माती जालन्याच्या प्रयोगशाळेत गेली. अहवाल यायला अडीच-तीन महिने लागले. तोवर परीक्षा झाली, सुट्टी लागली, शाळा पुन्हा उघडली आणि नववीची पोरं दहावीत जाऊन बसली.

बदरोद्दीनना अपेक्षित होता तसाच त्यांच्या जमिनीचा अहवाल आला. उथळ, हलकी, सेंद्रिय कर्ब कमी. मॅडमनी स्वतः रानात जाऊन सांगितलं, अडीच एकरांवर सगळीकडे एकच पीक घालू नका, एक एकर मटकी, एक एकर बाजरी, आणि अर्ध्यात शेणखत टाकून ठेवा. बदरोद्दीननी दीड एकर मटकी घेतली. "चिठ्ठीत समदी म्हणलं व्हतं, तुम्ही एक एकर म्हणून राह्यले, मी मधलं धरलं," असं त्यांचं म्हणणं. पीक बरं आलं. भरघोस म्हणावं असं नाही, पण जुबेदाने दसऱ्याच्या आधी शाळेत दोन किलो मटकी पाठवली आणि कौसल्याबाईंनी तिची उसळ केली. दहावीच्या पोरांनी ती खिचडीच्या खोलीमागे उभं राहून खाल्ली.

तातेरावांचं प्रकरण वेगळं झालं. त्यांच्या काळ्याभोर जमिनीचा अहवाल आला तो असा: क्षार वाढलेले, स्फुरद गरजेपेक्षा फार जास्त साठलेलं, पाणी आणि खत दोन्ही कमी करावं. तातेरावांनी कागद दोनदा उलटसुलट केला.

"ही बी खिचडीमागचीच माती दिसती," ते म्हणाले.

"न्हाई, आप्पा. तुम्ही समोर उभे व्हते," मॅडम म्हणाल्या.

पण दोन दिवसांनी एका पिशवीत माती घेऊन तातेराव एकटेच बसने जालन्याला गेले, ओळखीच्या माणसाला टाळून, मस्तगडाच्या बाजूने न जाता दुसऱ्या वाटेने, म्हणजे मॅडम कुठे दिसायला नकोत. अंगदने हे शाळेत सांगितलं तेव्हा मॅडमनी 'अच्छा' एवढंच म्हटलं. दुसरा अहवाल पहिल्यासारखाच निघाला. त्या हंगामात तातेरावांच्या घरी एकरी एक पोतं खत कमी आलं, आणि का कमी आलं असं दुकानात कुणी विचारलं तर ते सांगत, "जमिनीला जरा दम देऊन राह्यलो."

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. दुपारचा तास होता. दहावीच्या वर्गात मॅडम क्षारपड जमिनीबद्दल शिकवत होत्या. तातेराव हेडमास्तरांकडे काही कामाला आले होते, हेडमास्तर कुठल्याशा बैठकीला तालुक्याला गेलेले. बाहेर ऊन आहे म्हणून तातेराव दहावीच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर टेकले. बाक लहान, त्यांचे गुडघे छातीला लागत होते. पोरांनी वळून पाहिलं. मॅडमनी पाहिलंच नाही.

"जमिनीत पाणी साचून राहतं, उन्हानं ते वर येतं," मॅडम सांगत होत्या, "अन् वर येताना खालचे क्षार घेऊन येतं. पाण्याला निचरा पाहिजे. चर काढावा लागतो."

"पण मॅडम," मागून तातेराव म्हणाले, "चर किती खोल..."

"हात वर करून विचारायचं," मॅडम फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या.

अंगदने डोकं दप्तरात घातलं. तातेरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, धोतराचा सोगा सावरला आणि हात वर केला.

त्यांच्या आधी पुढच्या बाकावरच्या साक्षीचा हात वर होता. मॅडमनी साक्षीला विचारू दिलं, तिचं उत्तर नीट, सावकाश, आकृती काढून समजावलं, आकृतीत रंगीत खडूही भरला. तोवर तातेराव हात वर धरून बसले होते.

"हं," मॅडम मग वळून म्हणाल्या, "बोला."